आठवी ‘ब’मधली नोरा

आपल्या शाळेच्या 1967 सालच्या स्नेहसंमेलनात एक आयरिश नाटक झालं होतं आणि त्यातल्या धाकट्या मुलीचं, नोराचं काम मी केलं होतं. अमृत महोत्सवाच्या या अंकात कुणी एसएससीच्या निकालांबद्दल लिहील, कुणी कबड्डीच्या संघाबद्दल, कुणी जुन्या कौलारू इमारतीबद्दल. मी त्या नाटकाबद्दल लिहिणार आहे. ते पाहिलेली माणसं आता थोडीच उरली आहेत आणि शाळेच्या दप्तरी त्याची नोंद असावी असं मला फार दिवसांपासून वाटतं आहे.

नाटकाचं नाव ‘रायडर्स टू द सी’, लेखक जॉन मिलिंग्टन सिंग. इंग्रजीच्या सरांनी हे नाव फळ्यावर लिहिलं तेव्हा वर्गातल्या अर्ध्या मुलांना लेखक पंजाबी सरदार आहे असंच वाटलं होतं. डब्लिनमध्ये 25 फेब्रुवारी 1904 रोजी त्याचा पहिला प्रयोग झाला. एकच अंक, जेमतेम अर्ध्या तासाचा. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या एका बेटावरचं खोपट, त्यात म्हातारी मॉर्या, तिच्या दोन मुली कॅथलीन आणि नोरा, आणि मुलगा बार्टली. मॉर्याचा सासरा, नवरा आणि चार मुलगे आधीच समुद्राने नेलेले आहेत. पाचवा, मायकेल, नऊ दिवस बेपत्ता आहे. सहावा बार्टली घोडे विकायला गॉलवेच्या बाजाराला निघाला आहे आणि वारं फिरलेलं आहे. एवढीच गोष्ट.

आमच्या इंग्रजीच्या सरांनी हे नाटक कोल्हापूरला कॉलेजात असताना वाचलं होतं. त्या काळी शाळांच्या संमेलनात एखादा ऐतिहासिक प्रवेश, एखादा फार्स, मुलींचं टिपरीनृत्य आणि शेवटी वंदे मातरम् असा बेत ठरलेला असे. सर म्हणाले, आपल्या पोरांच्या घरात जे घडतं ते स्टेजवर कधी येतच नाही. खरंच होतं ते. किनाऱ्यालगतच्या वाड्यांतली कितीतरी मुलं आमच्याबरोबर शिकायची. नारळी पौर्णिमा झाली की होड्या पाण्यात जायच्या, आणि एखाद्या संध्याकाळी हवा बिघडली की बायका पुळणीवर येऊन उभ्या राहायच्या. आमच्या वर्गातल्या एकाचे वडील असेच गेले होते. देह मिळालाच नाही, त्यामुळे श्राद्ध कोणत्या तिथीला घालायचं यावरून घरात दर वर्षी वाद होतो, असं तो सांगायचा. मायकेलचं प्रेत हाती लागलेलं नाही म्हणून मॉर्या बंदराकडे डोळे लावून का बसते, हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही. उलट त्यानेच आम्हाला सांगितलं.

सिंगने त्या भागातल्या लोकांची बोलण्याची ढब घेऊन नाटकाची भाषा घडवली होती. सरांनीही पुस्तकी मराठी बाजूला ठेवून सगळं मालवणीत उतरवलं. मॉर्याला त्यांनी ‘आवस’, म्हणजे आई, केलं नाही, नावं होती तशीच ठेवली; पण ती बोलायला लागली की आमच्याच वाडीतली वाटायची.

आता बायकांच्या भूमिकांचं काय? शाळेत मुली होत्या, पण मुलांबरोबर स्टेजवर उभं राहून काम करायचं ही गोष्ट तेव्हा आमच्या गावात कुणाच्याही घरी चालली नसती. म्हणून सगळ्या बायका मुलांनीच करायच्या असं ठरलं. त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. आमच्या गावाला जत्रेत रात्रभर दशावतार बघायची सवय. तिथे द्रौपदी काय, तारामती काय, सगळे पुरुषच. शिवाय त्याच वर्षी जुलैमध्ये बालगंधर्व गेले होते. ड्रॉइंगच्या सरांनी वर्गात त्यांच्यावर तासभर बोलून आमच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं, त्यामुळे स्त्री पार्ट करणं ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही हे आमच्या मनावर ठसलेलं होतं. माझा आवाज अजून फुटला नव्हता, अंगाने मी किडकिडीत होतो. नोरा माझ्याकडे आली. कॅथलीन आणि मॉर्या दहावीतल्या दोघांकडे गेल्या.

नोराचं सगळं काम एका मोज्याभोवती फिरतं. दूर उत्तरेला, डोनेगलच्या किनाऱ्यावर, एक प्रेत लागलेलं असतं. त्याच्या अंगावरचा सदरा आणि एक मोजा पाद्रीबुवांनी नोराच्या हाती दिलेला असतो, तो मायकेलचाच आहे का ते बघायला. आईला कळू नये म्हणून बहिणी ते गाठोडं माळ्यावर लपवतात आणि ती बाहेर गेल्यावर सोडायला घेतात. खाऱ्या पाण्याने दोरी आवळून गेलेली, गाठ सुटत नाही, शेवटी सुरीने कापावी लागते. सदऱ्यावरून काही ठरत नाही. त्या कापडाचे ठाणच्या ठाण गॉलवेच्या दुकानात असतात, घालणारा कुणीही असू शकतो. मग नोरा मोजा हातात घेते आणि टाके मोजते. तिने विणलेल्या तिसऱ्या जोडीतला तो दुसरा मोजा. साठ टाके घातले होते, त्यातले चार गाळले होते. तेवढेच भरतात. भाऊ गेला हे घरात असं कळतं.

सरांचं म्हणणं, ज्याने आयुष्यात टाका घातला नाही तो टाका मोजूच शकत नाही. म्हणून मला शिवणाच्या बाईंच्या हवाली करण्यात आलं. कोकणात लोकर कोण वापरतो? लोकर बेळगावहून मागवली, करड्या रंगाची, हाताला टोचणारी. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बाईंशेजारी बसून मी चार सुयांवर गोल विणायला शिकलो. घामाने सुई बोटांत सरकायची. बाई म्हणायच्या, “लोकर ओढू नकोस, येऊ दे तिची ती.” विणकाम जरा जमायला लागलं तेव्हा त्यांनी मला मुद्दाम एक टाका सोडायला लावला. सुटलेला टाका खाली खाली उतरत जातो आणि विणीत एक उभी फट पडते. ती फट त्यांनी मला डोळे मिटून बोटाने शोधायला लावली. पुन्हा पुन्हा. शेवटी मी न बघता सांगू लागलो, बाई, इथे सुटलाय. प्रयोगाच्या रात्री मी अभिनय केला नाही. माझ्या हातात मी स्वतः विणलेला मोजा होता आणि त्यातले टाके मी मोजत होतो.

व्हरांड्यात विणत बसलेल्या मुलाला जे ऐकावं लागतं ते मलाही ऐकावं लागलं. एके दिवशी हेडमास्तर तिथून जाताना थांबले. माझ्या हातातलं काम घेऊन पाहिलं, कडेने वीण सैल झाली आहे ती दाखवली आणि म्हणाले, “आमची आई थंडीत विणायची, देशावर.” मग माझ्याशेजारी पायरीवर बसून त्यांनी एक ओळ विणून दिली. धोतर, कोट, टोपी असा सगळा पोशाख होता. हे अर्ध्या शाळेने पाहिलं. त्यानंतर मला कुणी काही बोललं नाही.

आता लालीबद्दल.

रंगवायला सरांनी एका दशावतारी कलाकाराला बोलावलं होतं. दिवसा शेतावर राबणारा माणूस, रात्री जत्रेत राण्या करायचा. आमच्याकडे म्हण आहे, रातीचो राजा आणि सकाळी कपाळार बोजा; या आबांच्या बाबतीत ती अक्षरशः खरी होती, सकाळी पेटारा डोक्यावर घेऊन ते पुढच्या गावची वाट धरायचे. सातवीचा वर्ग आमची रंगपटाची खोली होती. आबांच्या पेटाऱ्यात सफेता, काजळाची डबी, हिंगूळ, खोबरेल तेलाची बाटली आणि पितळी टोपणाची एक खरी लिपस्टिक होती. मुंबईहून कुणीतरी आणून दिलेली, झिजून नखाएवढी राहिलेली. ती ते कापडाच्या दोन पुरचुंड्यांत बांधून ठेवायचे.

सरांना लाली नको होती. आयर्लंडजवळच्या अरन बेटांवरची गरीब कोळ्याची पोर, बाहेर प्रेतं वाहून येतायत, आणि हिच्या ओठांवर लाल रंग? त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मास्तरांनू, पोराचे ओठ दिसले नाय, तर मागच्यांका तेचा बोलणा ऐकाक येवचा नाय.” सफेता लावल्यावर तेरा वर्षांच्या मुलाचे पातळ ओठ चेहऱ्यात बुडून जातात. गॅसबत्तीच्या पांढऱ्या उजेडात तर काहीच उरत नाही. आणि प्रेक्षक कानांबरोबर डोळ्यांनीही ऐकतो, हे त्यांना चाळीस-चाळीस गावांच्या जत्रांनी शिकवलं होतं. सर थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी मान डोलावली. पुढे आयुष्यात मी बरीच नाटकं पाहिली, नाटकावरची पुस्तकंही वाचली. आबांच्या त्या एका वाक्याइतकं नेमकं फार थोड्या ठिकाणी सापडलं.

सरांचा विरोध मावळण्याला आणखी एक कारण होतं. नाटकाच्या शेवटी शेजारणी आत येतात त्या डोक्यावरून लाल घागरे ओढून येतात, असं सिंगने लिहून ठेवलं आहे. इनिशमान हे अरनच्या तीन बेटांतलं मधलं बेट. तिथे सिंग 1898 पासून अनेकदा जाऊन राहिला होता. तिथल्या बायका बेटावरच्याच लोकरीचे लाल घागरे घालायच्या आणि तो लाल रंग आपल्या मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांपासून काढायच्या. करड्या दगडांच्या, करड्या आभाळाच्या त्या बेटावर लाल रंग बायकांच्या अंगावर होता. सरांनी त्यासाठी वाडीतून लाल लुगडी मागून आणली होती. म्हणजे स्टेजवर लाल येणारच होता. आबांनी तो नोराच्या ओठांपासून सुरू केला, इतकंच.

त्यांनी लिपस्टिक थेट ओठांना लावली नाही. करंगळीवर थोडीशी घेतली, खोबरेलाचा एक थेंब मिसळला, दुसऱ्या हाताने माझी हनुवटी धरली. “गप ऱ्हव. हसलस तर पसरतली.” आधी वरच्या ओठाचे दोन कोपरे, मग मधली खळगी, मग खालचा ओठ. मेणासारखी जडशी चव जिभेला लागली. मग त्यांनी माझ्याकडून ‘मायकेल’ हा शब्द म्हणून घेतला, दोन्ही ओठ एकमेकांवर नीट टेकतायत का ते पाहिलं आणि कापसाने कडा पुसल्या. त्यानंतर ओठ चाटायचे नाहीत, पाणी प्यायचं तर पपईच्या देठाच्या नळीने. आरसा पुढे धरला तेव्हा त्यात माझी मावशी बसली होती. हुबेहूब. मला लाज वाटली नाही, भीतीही वाटली नाही. आपल्या आत एवढी जागा आहे याचं मला अतोनात नवल वाटलं.

आजी रंगपटात आली ती त्या वेळी. मला पाहून ती हसली नाही. कनवटीची काजळाची डबी काढून तिने माझ्या कानामागे तीट लावली आणि पुटपुटली, “माझ्या नातवाक नदर लागात.” मग आबांना सांगू लागली, तिचे पहिले दोन मुलगे वर्षाच्या आत गेले, म्हणून तिसऱ्याचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नाव धोंडू ठेवलं, नाक टोचलं आणि पाच वर्षांचा होईपर्यंत त्याला परकर नेसवला. मरणाला वाटावं, ही मुलगी आहे, हिला नेऊन काय करायचं? आबा ऐकत होते आणि कॅथलीनच्या भुवया रेखत होते. वडिलांच्या नाकाला भोक होतं ते मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण त्याची हकीकत मला त्या रात्री कळली.

पुष्कळ वर्षांनी मला कळलं की आयर्लंडच्या पश्चिम भागातही, अरनवरही, मुलगे दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत घागऱ्यात वावरायचे. तिथले लोक सांगायचे, अदृश्य लोकांतली ती परीमंडळी मुलगे पळवून नेतात, मुलींना नेत नाहीत. म्हणून त्यांना फसवायला हा वेश. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे फोटो आहेत, त्यांत घागरेवाली दांडगी पोरं अनवाणी उभी दिसतात. हे वाचलं तेव्हा मला आजीची आठवण येऊन भरून आलं. दोन किनाऱ्यांमध्ये एवढं अंतर, एकीने दुसरीचं नावही ऐकलेलं नाही, आणि दोघींना मुलगा वाचवायची एकच युक्ती सुचली होती.

प्रयोगाबद्दल मला सगळं सांगता येणार नाही, कारण मी आत होतो. पण शेवट सांगतो. बार्टलीला घोड्याने समुद्रात लोटलेलं असतं. गावकरी त्याला फळीवर ठेवून आणतात, वर शिडाचा तुकडा टाकलेला. सरांनी शीड खरंखुरं आणलं होतं, एका होडीचं, माशांच्या तेलाचा वास असलेलं, आणि विंगेत बादल्यांनी भिजवून ठेवलं होतं. ते आत आलं तेव्हा त्यातून पाणी ठिबकत होतं आणि फळ्यांवर एक ओली रेघ दारापासून माझ्या पायांपर्यंत आली. मागे चटईवर बसलेल्या बायकांमधून हुंदका फुटला. मग दुसरा. वाडीतल्या त्या बायका होत्या. त्यांच्यापैकी कुणी आयर्लंडचं नाव ऐकलेलं नव्हतं. ओल्या शिडाखाली काय असतं ते मात्र त्यांना ठाऊक होतं.

आणि इथे मला मॉर्या करणाऱ्या दहावीतल्या मुलाचं नाव घ्यावंसं वाटतं, पण त्याच्या घरच्यांना विचारलेलं नाही म्हणून घेत नाही. तालमीत तो छाती बडवून रडायचा. आपल्याकडच्या नाटकांत तेच पाहिलेलं होतं. सरांनी त्याला बजावलं होतं, ही बाई रडत नाही, हिचं रडून झालंय. समोर प्रेक्षक रडायला लागल्यावर नटाचा तोल जातो. याचा गेला नाही. त्याने आवाज आणखी खाली घेतला. आता समुद्र माझं काही करू शकत नाही, आता मला रात्री झोप येईल, जेवायला नुसतं ओलं पीठ असलं आणि वास मारणारा मासा असला तरी, असं ती बोलते. त्याच्यानंतर एक बारकी गोष्ट येते. पेटीसाठी पांढऱ्या लाकडाच्या फळ्या मायकेलकरता आणून ठेवलेल्या असतात, पण खिळे आणायचे राहिलेले असतात. एवढ्या पेट्या पाहिलेली बाई खिळे कसे विसरली, असं शेजारी विचारतो. कॅथलीन म्हणते, ती म्हातारी झालीय, खचलीय. दुःखाबद्दल मी इतकं खरं दुसरं काही ऐकलेलं नाही.

आयरिश स्वभावाविषयी आम्हा मुलांची कल्पना इंग्रजी विनोदांच्या पुस्तकांवरून बनलेली होती. आयरिश म्हणजे दारू पिणारा, भांडणारा, बडबड्या, जरा बावळट. सरांनी तालमीच्या पहिल्याच आठवड्यात हे सगळं खोडून काढलं. इंग्रजी रंगभूमीने दोनशे वर्षं आयरिश माणसाला विदूषक करून ठेवला, त्याला ‘स्टेज आयरिशमन’ असं नावच पडलं. 1845 साली बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि साथींनी मेली, तितकीच देश सोडून गेली, तरी धान्य बाहेर जातच राहिलं. विनोदाच्या पुस्तकात हे नसतं. 1897 मध्ये कवी येट्स, लेडी ग्रेगरी आणि एडवर्ड मार्टिन यांनी स्वतःची नाट्यसंस्था काढायचं ठरवलं तेव्हा त्यांनी जाहीरच केलं की आयर्लंड ही विदूषकांची भूमी नाही हे आम्ही दाखवून देऊ. या नाटकाच्या मागे एवढा मोठा हट्ट उभा होता.

इतिहासाच्या सरांनी त्यात आपली भर घातली. टिळकांनी एप्रिल 1916 मध्ये बेळगावात होमरूल लीग काढली. होमरूल हे नावच आयर्लंडच्या लढ्यातून आलेलं. आणि त्याच महिन्यात डब्लिनमध्ये इंग्रजांविरुद्ध ईस्टरचा उठाव झाला. त्या उठावाचा एक पुढारी पॅट्रिक पिअर्स शाळामास्तर होता. त्याने 1908 मध्ये मुलांची शाळा काढली, तिला अरनच्या संत एन्डाचं नाव दिलं, आणि मुलांकडून नाटकं बसवून घेतली. त्याच शाळेच्या मदतीसाठी 1913 मध्ये डब्लिनच्या ॲबी थिएटरात रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ झालं. बंगालमधल्या एका आजारी मुलाचं नाटक आयर्लंडमधल्या शाळकरी मुलांसाठी. त्यानंतर तीन वर्षांनी पिअर्सला गोळ्या घातल्या. हे ऐकताना आम्ही चिडीचूप बसलो होतो. आपण करतो आहोत ते नुसतं संमेलनाचं नाटक नाही असं आम्हाला वाटू लागलं होतं, आणि त्या वयात असं वाटणं फार मोलाचं असतं.

एखाद्या देशाचा स्वभाव असा काही असतो का? मला शंका आहे. 1907 साली याच सिंगच्या दुसऱ्या एका नाटकाने आयरिश माणसाची बदनामी केली म्हणून खुद्द डब्लिनकरांनी थिएटरात दंगा घातला. म्हणजे आपला स्वभाव कोणता यावर त्यांचंही एकमत नव्हतं. आणि सर म्हणायचे की आयरिश बाई रडत नाही, तेही पूर्ण खरं नव्हतं. सिंगने इनिशमानवर एका म्हाताऱ्या बाईच्या दफनाचं वर्णन केलं आहे. बायका थडग्याभोवती बसून डोलत डोलत, सुरात, तालात विलाप करतात; त्यासाठी पिढ्यान् पिढ्या चालत आलेली रीत आहे. आपल्याकडेही बाया मेलेल्याचे गुण गात रडतात, तसंच. पण तो विलाप थांबला की त्याच बायका उठतात आणि घरच्या गोष्टी बोलत परत जातात. मॉर्या त्याच घरातली आहे. पाद्री म्हणतो देव तिला एकही मुलगा उरणार नाही असं करणार नाही, आणि ती म्हणते त्याला समुद्राचं काय कळतंय. त्यात देवाचा अपमान नाही. तीर्थ तीच शिंपडते, प्रार्थना तीच म्हणते. समुद्र कसा आहे ते मात्र ती कुणाच्या सांगण्यावरून ठरवत नाही. मला जो आयरिश माणूस भेटला, तो हा. बाकीचे असतील.

मुलगा डब्लिनला नोकरीला असताना मी इनिशमानला जाऊन आलो. गॉलवेच्या पश्चिमेला रॉसाव्हील बंदर आहे, तिथून बोट सुटते. बेटावर दोनशेहूनही कमी माणसं राहतात आणि आपसात आयरिश बोलतात. झाड म्हणून जवळजवळ नाही. सगळीकडे सपाट चुनखडी आणि दगडांचे गडगे, आपल्या कोकणातल्यासारखेच बिनचुन्याचे, पण माणसाच्या डोक्याइतके उंच. दोन गडग्यांमधल्या टीचभर जमिनीत माती नव्हतीच. लोकांनी वाळू आणि समुद्रातलं शेवाळ पाठीवर वाहून आणून ती तयार केली. सिंग ज्या घरात राहायचा ते घर जपून ठेवलं आहे. चुलीपाशी मी बराच वेळ उभा होतो.

गॉलवेत स्वेटरच्या दुकानात विक्रेते सांगतात, अरनच्या प्रत्येक घराण्याची वीण वेगळी असे, बुडालेल्याचं प्रेत त्यावरून ओळखत. तसा काही पुरावा नाही. ही समजूत पसरली ती बहुतेक आमच्या नोराच्या मोज्यामुळेच, असं जाणकार सांगतात. नाटकात घराण्याची वीण कुठेच नाही. तिथे एका मुलीच्या हातून सुटलेले चार टाके आहेत आणि ते तिला आठवतात. दुकानदाराला मी हे सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक? मी म्हटलं, ते काम मी केलंय. आठवीत असताना. त्याने काउंटरवरून हात पुढे करून माझा हात हातात घेतला.

वर्गमित्र मला अजूनही नोरा म्हणतात. मुलांच्या लग्नांत, व्हॉट्सॲपवर, हॉस्पिटलात भेटायला आल्यावरसुद्धा. हे नाव मला पदवीसारखं वाटतं.

सरांची मालवणी संहितेची वही त्यांच्या कुटुंबीयांनी माझ्याकडे दिली आहे. कडा कुरतडल्या आहेत, पण मजकूर शाबूत आहे. ती मी टाइप करून घेतली असून मूळ वही आणि टाइप केलेली प्रत, दोन्ही शाळेच्या ग्रंथालयात देत आहे. महोत्सवाच्या समारोपाला हे नाटक पुन्हा व्हावं अशी माझी विनंती आहे. आता मुलीही स्टेजवर येतात, तेव्हा मॉर्या एखाद्या मुलीने करावी, बार्टलीही करावा. पण एखाद्या मुलाला नोरा करायची असेल तर त्याला ती करू द्यावी, आणि आबांनी लावली होती तशी लाल लाली त्याला लावावी. शीड वापरातलं आणावं, नवं कापड चालणार नाही. फळ्यांचा आणि खिळ्यांचा खर्च माझ्याकडे. जो कुणी नोरा करेल त्याला किंवा तिला संध्याकाळी माझ्याकडे पाठवा, लोकर आणि चार सुया मी आणून ठेवल्या आहेत.